पुसली तरी आत लिहिलेलं राहील अशी पाटी बनवतोय, मतं आणि अनुभव हवेत

पाटीवाला

नमस्कार मंडळी,

बाजारात त्या काळ्या एलसीडी पाट्या मिळतात बघा, साडेआठ इंची, लोकलमध्ये पण विकायला येतात, कुठल्याही काडीने लिहा आणि बटण दाबलं की सगळं गायब. आमचं भोसरीला छोटं युनिट आहे, दुसऱ्यांसाठी सर्किट बोर्ड भरून देतो. यंदा स्वतःचं प्रॉडक्ट करायचं ठरवलंय. अशीच पाटी, पण पुसायच्या आधी जे लिहिलं होतं ते आत साठवून ठेवणारी. ऑफिसातल्या मीटिंगवाल्यांसाठी नाही, पाचवी ते दहावीच्या मुलांसाठी.

कारण असं की गणितात मूल कुठे अडकतं ते उत्तरात दिसत नाही, कच्च्या कामात दिसतं, आणि कच्चं काम मुलं एकतर वहीच्या मागच्या पानावर करून रबराने घासून टाकतात नाहीतर पाटीवर करून पुसतात. शिक्षकांच्या हातात येतं फक्त शेवटचं उत्तर. मला मनापासून वाटतं की मुलाने केलेल्या कामातला सगळ्यात मोलाचा भाग आपण रोज पुसून टाकतोय, आणि तो वाचवणं आता तंत्रज्ञानाच्या दृष्टीने काही अवघड राहिलेलं नाही.

आता प्रश्न. पडदा एलसीडीचा घ्यावा की ई-इंकचा, म्हणजे ई-बुक वाचायच्या यंत्रांत असतो तसला? लिहिलेलं टिपायला खाली सेन्सर कुठला? ‘सेव्ह’ कोणी आणि कधी करायचं, मुलाने बटण दाबायचं की आपोआप? आणि फाईल कुठल्या स्वरूपात ठेवावी म्हणजे दहा वर्षांनी पण उघडेल? ज्यांनी असली उपकरणं वापरलीत, बनवलीत, दुरुस्त केलीत त्यांनी कृपया सविस्तर लिहा.

चहाबाज

म्हणजे ‘सर, वही घरी राहिली’ हे कारण कायमचं बंद? समस्त विद्यार्थी वर्गातर्फे तीव्र निषेध.

खटपट्या

चांगला विषय. आधी ती स्वस्त पाटी चालते कशी ते सांगतो, कारण तुमच्या बऱ्याच अडचणी त्यातूनच निघतात.

आत कोलेस्टेरिक लिक्विड क्रिस्टलचा पातळ थर असतो. त्यातले रेणू पिळासारखे गुंडाळलेले असतात आणि त्यांच्या दोन स्थिती वीज न देता तशाच टिकून राहतात. एका स्थितीत थर ठराविक रंगाचा प्रकाश परत फेकतो, म्हणून हिरवी रेघ दिसते. दुसऱ्या स्थितीत प्रकाश आरपार जातो आणि मागचा काळा रंग दिसतो. काडीने दाबलं की तिथला द्रव सरकून पहिल्या स्थितीत जातो, झाली रेघ. बटण दाबलं की विजेचा झटका देऊन सगळा थर दुसऱ्या स्थितीत ढकलायचा, झाली पाटी कोरी. वीज लागते ती फक्त पुसताना, म्हणून तो बटणाएवढा सेल महिनोन्महिने जातो. हे घरोघरी पोचवलं ते अमेरिकेतल्या ओहायोच्या केंट डिस्प्लेज कंपनीने, २०१० साली ‘बूगी बोर्ड’ काढून.

आता मुद्दा. या पाटीला स्वतःवर काय लिहिलंय ते माहीतच नसतं! रेघ उमटते ती निव्वळ दाबामुळे, सर्किटचा त्यात काही संबंध नाही. त्यामुळे साठवायचं तर पेन कुठे फिरतंय हे टिपणारा वेगळा थर लागतो. त्याच कंपनीने २०११ मध्ये ‘रिप’ काढली ती पीडीएफ करून द्यायची, मग २०१३ ला ‘सिंक’ आली, म्हणजे तुमची कल्पना व्यवहार्य आहे. पण डोळ्याला दिसतं ते एक आणि मेमरीत जातं ते दुसरं, या दोघांचं कायम जुळलं पाहिजे, खरी मेहनत तिथे आहे.

सोल्डरगन

खटपट्या +१.

सेन्सरबद्दल. स्वस्तात करायचं म्हणून रेझिस्टिव्ह फिल्म, म्हणजे दाबावरून जागा ओळखणारी, लावायचा मोह होईल, चार वायरवाली. नका लावू. तिला एकाच वेळी दोन ठिकाणी दाब आला की ती दोन्हीच्या मधलाच कुठलातरी बिंदू सांगते. लहान मूल पाटीवर मनगट टेकवून लिहिणार, म्हणजे पडद्यावर अक्षर सुरेख आणि मेमरीत वेड्यावाकड्या रेघोट्या.

ईएमआर घ्या, म्हणजे इलेक्ट्रोमॅग्नेटिक रेझोनन्स, वॅकॉमवाल्यांनी गाजवलेलं तंत्र. पडद्याच्या मागे तारांच्या वेटोळ्यांचा बोर्ड असतो, तो पेनाकडे लहरी सोडतो, पेनातलं कॉइल आणि कपॅसिटर त्यावर कंप पावून परत सिग्नल देतात, बोर्ड तो ऐकून जागा ठरवतो. पेनाला बॅटरी नाही, चार्जिंग नाही. बोटाचा, तळहाताचा त्याच्यावर काही परिणाम नाही. पेन दाबलं की आतल्या सर्किटची फ्रीक्वेन्सी किंचित हलते, त्यावरून दाब कळतो.

दोन सावधगिऱ्या. मागच्या बाजूला चुंबकीय शिल्डिंगची शीट विसरू नका, नाहीतर लोखंडी बाकावर ठेवली की रेघा सरकतील. आणि कव्हरला लोहचुंबकाचं बटण अजिबात नको, त्या जागी सेन्सर आंधळा होतो.

ओवी_रत्नागिरी

मी माध्यमिक शाळेत गणित शिकवते. पाटीवाला, तुम्ही जे कच्च्या कामाचं लिहिलंय ते वाचून इतकं बरं वाटलं म्हणून सांगू.

एक उदाहरण देते. ५०३ वजा २६७. उत्तर २३६. वर्गात हमखास दोन-तीन जणांचं २४६ येतं. म्हणजे एककाला हातचा दिला पण मधल्या शून्याचे ९ न करता १० च ठेवले. आता सरळ दिसतं की मुलाला शून्यातून हातचा घेणं समजलेलं नाही. पण मागे एका मुलीच्या खांद्यावरून बघत होते तर तिने शून्यावर आधी ९ लिहिले, थांबली, शेजारणीच्या पाटीत डोकावली, ९ वर काट मारली आणि १० केले. तिला येत होतं हो! तिला हवा होता धीर, आणि मी फक्त उत्तर बघितलं असतं तर तिला तेच गणित परत शिकवत बसले असते. चाळीस मुलांच्या खांद्यावरून मी एका वेळी बघू शकत नाही. तुमची पाटी बघू शकत असेल तर मला ती हवीये.

आणखी एक, त्या एलसीडी पाटीवर एकच आकडा पुसता येत नाही, पुसलं तर सगळंच जातं, म्हणून मुलं काट मारून पुढे लिहितात. लोक ह्याला तोटा म्हणतात, मला तो फायदा वाटतो. खाडाखोड दिसली पाहिजे.

तक्रारी पण सांगते. ढगाळ दिवशी वर्गात अंधार असतो तेव्हा त्या पाटीवरचं मागच्या बाकावरून काही दिसत नाही. आणि मुलींच्या बांगड्या टेकल्या की रेघा उमटतात.

झरोका

ओवी ताई, उदाहरण एकदम पटलं. पण मी उलट बाजूने बोलणार आहे.

मी मुलांबरोबर समुपदेशनाचं काम करते. पाटी मुलांना का आवडते? कारण पुसता येते. चुकलं तर कुणाला कळायच्या आत नाहीसं करता येतं. वहीत लिहायला घाबरणारं मूल पाटीवर बिनधास्त लिहितं, ते ह्याच भरवशावर. तुम्ही तो भरवसाच काढून घेताय. उद्या पालक म्हणणार, काल सव्वा तासात फक्त चार गणितं? मध्ये वीस मिनिटं हात थांबला होता तो का? तुमच्या हेतूबद्दल शंका नाही, पण उपकरण एकदा बाहेर पडलं की हेतू बनवणाऱ्याचा राहत नाही, वापरणाऱ्याचा होतो.

चहाबाज

झरोका, ‘मध्ये वीस मिनिटं हात थांबला होता’ हे आमच्या मॅनेजरला वाचायला देऊ नका प्लीज.

काळाकोट

झरोका यांच्या मुद्द्याला कायद्याची पण बाजू आहे. २०२३ चा डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षणाचा कायदा, त्यात १८ वर्षांखालचं प्रत्येक जण मूल धरलंय. त्यांची माहिती घ्यायची तर पालकांची पडताळता येईल अशी संमती लागते, आणि मुलांच्या वागण्यावर पाळत ठेवायला मनाई आहे. शैक्षणिक वापरासाठी सवलती कुठे आणि किती ते वकिलाकडून नीट समजून घ्या. पण सगळ्यात सोपा उपाय असा की माहिती तुमच्या सर्व्हरवर येऊच देऊ नका. मुलाच्या पाटीतच राहू दे.

आता वापरणारा म्हणून. मी कोर्टात ई-इंकची वही वापरते, दहा इंची. उलटतपासणी चालू असताना हाताने लिहिण्याला पर्याय नाही, आणि लॅपटॉपच्या टकटकीने समोरचा साक्षीदार सावध होतो. लिहायला अप्रतिम आहे. पण कंपनीने नोट्स स्वतःच्याच कुठल्यातरी फाईलमध्ये ठेवल्यात. पीडीएफ काढता येते, पण ती निव्वळ चित्र, परत त्यावर काम करता येत नाही. आधी फुकट असलेल्या गोष्टींना मध्येच वर्गणी लावली. सहा वर्षांच्या प्रकरणांच्या नोंदी तिथे अडकल्यात, सोडायचं म्हटलं तरी सोडवत नाही. म्हणून फाईलचा प्रश्न तुम्ही चौथा टाकलाय तो पहिला घ्या.

खटपट्या

ई-इंकचा विषय निघालाच आहे तर. ती पद्धत पूर्ण वेगळी. १९९७ मध्ये एमआयटीच्या मीडिया लॅबमधल्या कामातून ही कंपनी निघाली. केसाच्या जाडीएवढ्या कुप्या, त्यात पांढरे आणि काळे रंगकण, त्यांच्यावर उलटसुलट विद्युतभार. खालून जसा व्होल्टेज द्याल तसे कण वर किंवा खाली जातात. चित्र टिकायला वीज लागत नाही, पण प्रत्येक बिंदू बदलायला लागते आणि कण हलायला वेळ लागतो. म्हणून पेन पुढे आणि रेघ मागून असं व्हायचं. त्यावर लोकांनी फार काम केलंय, नॉर्वेच्या रिमार्केबलची २०२० ची दुसरी आवृत्ती २१ मिलिसेकंदांचा दावा करते, २०२४ ची रंगीत आवृत्ती १२ चा.

पण पाटीवाला, तुमच्या एलसीडीत हा प्रश्न उद्भवतच नाही! रेघ दाबानेच उमटते, त्यात उशीर शून्य. तीस-चाळीस हजाराच्या उपकरणाला जे मिळवायला इतकी वर्षं गेली ते दोनशे रुपयाच्या पाटीत जन्मजात आहे. बदल्यात काय गमावता, तर साठवलेलं पान परत त्याच पडद्यावर आणता येत नाही. ते फोनवर किंवा कॉम्प्युटरवरच बघायचं. शाळेसाठी हा सौदा मला तरी चांगला वाटतो.

वऱ्हाडी_ठसा

ह्या सगळ्या भानगडीपेक्षा पुसता येणारी वही का नाही घेत भाऊ? रॉकेटबुक येते पहा. पान प्लास्टिकसारखं, पायलट कंपनीच्या फ्रिक्सन पेनानं लिहायचं, फोननं फोटो काढायचा, खाली सात चिन्हं असतात त्यातलं एक काळं केलं की फोटो ठरलेल्या मेलवर नाहीतर ड्राईव्हवर आपोआप जाते. मग ओल्या फडक्यानं पान पुसा. ना बॅटरी ना सेन्सर. मी साइटवर मोजमापं लिहाले हेच वापरतो.

फक्त उन्हाळ्यात गाडीच्या काचेपाशी वही नाही ठेवाची. ही शाई गरमीनं अदृश्य होते, साठ-पासष्ट डिग्रीला. अकोल्यात मे महिन्यात बंद गाडीत डॅशबोर्ड तेवढा तापतेच. साधी कागदाची वही होती अन् पेन हेच, तर पूर्ण पानं कोरी झाली. मग कुणीतरी सांगितलं म्हणून डीप फ्रीझरमधे ठेवली, तर अक्षरं फिक्की का होईना पण परत आली. उणे दहाच्या खाली ती शाई परत दिसाले लागते.

ओवी_रत्नागिरी

@वऱ्हाडी_ठसा, फ्रीझरचा किस्सा उद्या विज्ञानाच्या बाईंना सांगते, वर्गात प्रयोग म्हणून छान आहे!

पण फोटोत फक्त शेवटचं पान येतं ना. त्या मुलीचे आधी ९ होते की आधी १० होते हे फोटो सांगणार नाही. शिवाय आमच्याकडे वर्गात मुलांकडे फोन नसतात, नसावेतच.

शिरोरेखा

उशिरा आले, धागा भारी चाललाय. माझं काम हस्ताक्षर ओळखण्याच्या सॉफ्टवेअरवर आहे, त्यामुळे फाईलच्या प्रश्नावर मी बोलायला हवं.

चित्र साठवू नका, रेघा साठवा. प्रत्येक रेघ म्हणजे बिंदूंची माळ, प्रत्येक बिंदूला आडवी जागा, उभी जागा, दाब आणि वेळ. काळाकोट म्हणाल्या तो अडकण्याचा प्रश्न इथेच सुटतो. रेघांवरून पीडीएफ, चित्र, काहीही केव्हाही करता येतं, पण चित्रावरून रेघा परत मिळवणं महाकठीण. ह्यासाठी इंकएमएल नावाचं खुलं मानक आहे, वेबची मानकं ठरवणाऱ्या डब्ल्यूथ्रीसी संस्थेने २०११ मध्ये मंजूर केलेलं. साधा मजकूर असतो, नोटपॅडमध्येसुद्धा उघडतो. पाटीच्या आत हवं तर आटोपशीर बायनरीत ठेवा, पण बाहेर देताना हे द्या, आणि बायनरीचा आराखडा जाहीर करून टाका.

जागेची काळजी सोडा. सेकंदाला २०० बिंदू, प्रत्येकी ८ बाइट धरले तर पेन अजिबात न उचलता तासभर लिहिलं तरी ६ एमबीच्या आत. १६ जीबीच्या कार्डात असे अडीच हजारांहून जास्त तास मावतात. मुलाची पाचवी ते दहावी सहज बसेल.

आता देवनागरी. लॅटिन लिपीसाठी बनवलेलं सॉफ्टवेअर आणून लावाल तर फसाल. आपल्यातले बहुतेक जण अख्खा शब्द लिहून झाल्यावर वरची रेघ ओढतात, काही जण ती देतच नाहीत, काही जण तीन अक्षरांवर एक आणि उरलेल्या दोनांवर एक. मात्रा, अनुस्वार, रफार हे पण शब्द संपल्यावर मागे जाऊन दिले जातात. म्हणजे वेळेच्या क्रमाने शेवटी आलेला ठिपका जागेच्या हिशोबात दुसऱ्या अक्षराचा असतो. त्यात मराठीचा पाकळीसारखा ल, गाठीचा श, आणि ‘दऱ्या’तला तो भुवईसारखा र. हिंदीच्या नमुन्यांवर शिकवलेलं सॉफ्टवेअर तिथे हमखास अडखळतं. अशक्य नाहीये, गूगलने २०१५ मध्येच फोनवर हाताने लिहायची सोय दिली तेव्हा आपल्या भाषा त्यात होत्या. पण तुम्ही ओळखण्याच्या मागे आत्ता लागूच नका. रेघा वेळेसकट नीट साठवा, ओळखणं दरवर्षी सुधारतंय, पाच वर्षांनी त्याच जुन्या रेघा नव्या सॉफ्टवेअरला द्या.

अवांतर: मोडीत उलट होतं, आधी पानभर आडवी रेघ आखून घ्यायची आणि तिला लटकवत हात न उचलता लिहीत जायचं.

इतिहासजमा

शिरोरेखा, मोडीचा उल्लेख आल्यावर राहवत नाही. मोडी वाचायला शिकणाऱ्यांची सगळ्यात मोठी अडचण ही की कागदावर फक्त ठसा असतो, हात कुठून कुठे गेला ते दिसत नाही. जाणकार माणूस असल्या पाटीवर मोडी लिहील आणि शिकणारा ती रेघ हळूहळू उमटताना बघेल, तर शिकवणीचं अर्धं काम होईल. पाटीवाला, शाळेचं झालं की ह्याचा पण विचार करा, पुण्यात मोडीचे वर्ग चालतात तिथे मी स्वतः दाखवायला नेईन.

शिरोरेखा

@इतिहासजमा, वा! हे डोक्यातच आलं नव्हतं. आणि मोडी ओळखणाऱ्या सॉफ्टवेअरला तसे नमुने सोन्याहून मोलाचे.

स्टेथो

मोडीत घुसतोय त्याबद्दल माफी, पण एक गोष्ट राहून जाऊ नये. तो बटण सेल.

लहान मुलाने तो गिळला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून भाजायला सुरुवात होते. सेल फुटावा लागत नाही, ओलाव्यात विद्युतप्रवाह सुरू होतो आणि आजूबाजूचं मांस जळतं. वीस मिलिमीटरचे चपटे सेल सगळ्यात वाईट, आणि ह्या पाट्यांत बऱ्याचदा तेच असतात. बाजारातल्या कितीतरी पाट्यांचं झाकण नुसतं नखाने सरकतं. घरात तान्हं भावंड असतं हे लक्षात घ्या. झाकणाला स्क्रू हवाच हवा. आणि वाचणाऱ्या सगळ्यांना, मुलाने सेल गिळल्याची नुसती शंका आली तरी उलटी करवायच्या भानगडीत न पडता थेट हॉस्पिटल गाठा.

खेळण्यांना १ जानेवारी २०२१ पासून आयएसआय मार्क बंधनकारक आहे. तुमची पाटी त्यात बसते का ते आधीच विचारून घ्या.

सोल्डरगन

स्टेथो, धन्यवाद, हे फार महत्त्वाचं. तसाही ह्यांच्या पाटीत तो सेल चालणार नाही. नुसतं पुसायचं असतं तेव्हा तो पुरतो, पण सेन्सर सेकंदाला शेकडो वेळा बघणार म्हणजे सततची भूक. चार्ज होणारी बॅटरी लागेल, ती आत बंदिस्त. पेन जवळ नसेल तेव्हा सेन्सरने अधूनमधून फक्त डोकावायचं, पेन दिसलं की पूर्ण वेगाने सुरू, असं ठेवलं तर बॅटरी बरीच पुरते.

आणि एक फार फसवी गोष्ट. बॅटरी संपली तरी ह्या पडद्यावर लिहिता येतं! रेघ दाबाने उमटते ना. मूल आनंदाने पान भरेल आणि आत काहीच गेलेलं नसेल. ह्याचा विचार केलाय का?

पाटीवाला

@सोल्डरगन, हो, ह्यावर आम्ही बरंच डोकं खाजवलंय. आत्ता ठरवलंय ते असं, बॅटरी ठराविक पातळीच्या खाली गेली की पुसायचं बटण काम करणार नाही. शेवटचं पान अजून नीट साठवलं जाईल एवढा चार्ज तेव्हा शिल्लक असेल. पाटी पुसली जात नाही म्हटल्यावर मूल आपोआप चार्जिंगला लावणार. दिवे, बीप वगैरे मुलं दुसऱ्या दिवसापासून बघत नाहीत, पण पाटी पुसली नाही तर लगेच कळतं.

सेव्हचं बटण ठेवायचंच नाही असंही ठरतंय. रेघ उमटतानाच आत लिहिली जाईल, पुसायचं बटण दाबलं की नुसती ‘पान संपलं’ अशी खूण पडेल. मुलाला साठवण्याचा विचारच करावा लागू नये.

ओवी ताई, बांगडीची रेघ पडद्यावर दिसेल पण आत जाणार नाही, कारण सेन्सर फक्त आपलं पेन ओळखतो. उलट मुलाने पेन हरवून साध्या काडीने लिहिलं तर दिसेल आणि साठणार नाही, म्हणून पेनाला दोरी लावतोय.

कागदप्रेमी

सगळं वाचलं. एकच विचारतो, शंभर पानी वही काय भावाने मिळते आणि ह्या पाटीला काय पडणार? जिल्हा परिषदेच्या शाळेत पंखा बंद पडला तर महिनोन्महिने दुरुस्त होत नाही, तिथे ही पाटी बिघडली तर कपाटात जाणार. किती योजनांचं सामान असं कपाटात गेलेलं बघितलंय. मुलांना कागद द्या आणि शिक्षकांना वर्गात कमी मुलं द्या, कच्चं काम आपोआप बघितलं जाईल.

ओवी_रत्नागिरी

कागदप्रेमी, तुमच्या शेवटच्या वाक्यावर शंभर सह्या देते. पण वर्गातली मुलं कमी होण्याची वाट बघत मी आत्ताच्या चाळीस जणांना तसंच नाही ना सोडू शकत.

कपाटाचं मात्र अगदी खरं आहे. म्हणून पाटीवाला, तीन गोष्टी हात जोडून सांगते. वर्गात प्लग एकच आहे, त्यामुळे घरी फोनच्या चार्जरने चार्ज झाली पाहिजे. शाळेत वायफाय धरू नका, केबल लावली की पेनड्राईव्हसारखी उघडली पाहिजे, ॲप टाका, खातं उघडा, पासवर्ड विसरलात का, हे काही नको. आणि पेन वेगळं विकत मिळालं पाहिजे, कारण दोरी लावली तरी पेन हरवणार.

झरोका

मी परत माझ्या मुद्द्यावर. तुम्ही सगळे मिळून यंत्र फार छान करताय, पण पाटीवाला, माझ्या प्रश्नाचं उत्तर राहिलं. मुलाला खरंच पुसायचं असेल तर?

काळाकोट

झरोकाशी सहमत. आणि हे सर्किटमध्येच हवं, माहितीपत्रकात लिहून भागणार नाही.

पाटीवाला

झरोका, तुमचा प्रतिसाद आल्यापासून आमच्याकडे ह्यावरच वाद चाललाय, म्हणून लगेच लिहिलं नाही. आता एकमत झालंय.

पुसायचं बटण साधं दाबलं की पाटी कोरी होईल आणि पान आत राहील. तेच बटण दाबून धरलं, पडदा दोनदा लखलखेपर्यंत, की पान आतूनही जाईल, कायमचं, आणि ते गेल्याची कुठेही नोंद राहणार नाही. नोंद न ठेवणं महत्त्वाचं, नाहीतर ‘काय पुसलंस सांग’ सुरू होईल. दुसरं, घड्याळाची वेळ साठवणारच नाही. रेघांचा क्रम आणि एका रेघेच्या आतली गती राहील, शिरोरेखा यांना ओळखण्यासाठी तेवढी पुरते असं त्यांना विचारून घेतलंय. पण दोन रेघांमध्ये किती थांबला हे टाकून देणार. आधी ९ आणि मग १० हे दिसेल, मधली वीस मिनिटं दिसणार नाहीत. तिसरं, फाईल पाटीतच राहील, मूल स्वतः केबल लावून देईल तेव्हाच शिक्षकांना मिळेल. आमचा सर्व्हर नाही, खातं नाही.

पडदा एलसीडीच, सेन्सर ईएमआर, बाहेर इंकएमएल आणि पीडीएफ दोन्ही. बायनरीचा आराखडा पहिल्या दिवसापासून जाहीर. किंमत साध्या पाटीएवढी राहणार नाही हे उघड आहे, ईएमआरचा बोर्ड आणि पेन ह्यातच बराच खर्च जातो. पण ई-इंकच्या जवळपासही जाणार नाही. कागदप्रेमी, कपाटाचा मुद्दा मनाला लागलाय. मागचं झाकण चार स्क्रूंचं, आत बॅटरी प्लगची, डकवलेली नाही, म्हणजे गावातला मोबाईल दुरुस्त करणारा सुद्धा बदलू शकेल.

झरोका

थांबल्याचा वेळ टाकून देताय हे वाचून खरंच आनंद झाला. ते दाबून धरायचं मुलांना पहिल्याच दिवशी, शिक्षकांसमोर शिकवा, म्हणजे लपूनछपून केल्यासारखं वाटणार नाही.

शिरोरेखा

क्रम आणि गती पुरते, दुजोरा. फक्त गणितात वजाबाकीचं चिन्ह, अपूर्णांकाची रेघ आणि वरची रेघ तिन्ही नुसत्या आडव्या रेघा आहेत, तेव्हा आधी-नंतर हा क्रम काटेकोर ठेवा, त्यात गडबड नको.

वऱ्हाडी_ठसा

उन्हाची टेस्ट करान भाऊ. विदर्भातली शाळा धरून. बंद टेम्पोत मे महिन्याचा माल पोचवून पहा, पडदा काळा पडते का.

सोल्डरगन

वऱ्हाडी_ठसा +१. लिक्विड क्रिस्टल ठराविक तापमानाच्या वर गेलं की साधा द्रव होतं, त्यावरचं चित्र जातं, थंड झाल्यावर पडदा परत चालतो पण बॅटरीला ती उष्णता सोसत नाही. साठवायचं आणि वापरायचं तापमान पॅनलवाल्याकडून लेखी घ्या.

ओवी_रत्नागिरी

पाटीवाला, पहिला नमुना तयार झाला की आमच्या सातवीत आणा, मुख्याध्यापकांशी मी बोलते, पालकांची संमतीपत्रं पण मीच घेते. आणि हो, वर्गात पाच जण डावखुरे आहेत. पेनाची दोरी उजव्या कोपऱ्यात असेल तर त्यांच्या अक्षरांवरूनच फिरेल.

पाटीवाला

दोन्ही कोपऱ्यांत भोक ठेवतो, ड्रॉइंग आजच बदलायला सांगतो. गणपतीची सुट्टी संपली की दहा नमुने घेऊन येतो, तोवर वऱ्हाडी_ठसा यांच्या टेम्पोची टेस्ट ओव्हनमध्ये करून बघतो आणि आकडे इथेच टाकतो.